बारकी गाडी आणि माझं पत्र

१९९५ साली एका दैनिकाच्या वाचकपत्रांत माझं एक पत्र छापून आलं होतं. कात्रण अजून माझ्याकडे आहे. मिरज-कुर्डुवाडी ही अरुंद रुळांवरची बारकी गाडी बंद करावी, रूळ उखडावेत, मोकळी झालेली जमीन रस्त्याला द्यावी आणि रुळांच्या रुंदीकरणाचा जो घाट घातला जातोय त्याचा पैसा पुणे-मिरज मार्ग दुहेरी करायला वापरावा, अशी मागणी मी त्यात केली होती. शेवटी मी विचारलं होतं, ‘मिरजेहून लातूरला जायचंय कुणाला?’ खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि गाव. पत्र छापून आलं की त्या काळी शिक्षकांच्या खोलीत चार जण येऊन हात मिळवायचे. त्या दिवशीही मिळवले. मी बरोबर आहे अशी माझी पक्की खात्री होती.

ते पत्र मला मागे घ्यायचं आहे. नुसतं ‘चुकलो’ म्हणून भागणार नाही. कुठे चुकलो आणि ते कशानं कळलं, हेही सांगायला हवं, कारण तेव्हा माझ्याजवळ कारणं होती आणि ती उथळ नव्हती.

मी मिरजेचाच. आमच्या गावाला बाहेरची माणसं ओळखतात ती तीन गोष्टींमुळे: दवाखाने, सतार-तंबोरे आणि जंक्शन. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय काढलं आणि तेव्हापासून कर्नाटकातून, पंढरपूर-सांगोल्याकडून माणसं दुखणी घेऊन मिरजेला येत राहिली. वाद्यांचं तर काय सांगावं! उस्ताद अब्दुल करीम खाँ इथे राहिले, इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. आणि १९३७ साली त्यांनी प्राण सोडला तोही दक्षिणेतल्या सिंगपेरुमाळकोईल नावाच्या एका लहानशा स्टेशनच्या फलाटावर. लहानपणी हे ऐकलं तेव्हापासून मला कुठल्याही रिकाम्या फलाटावरून चालताना त्यांची आठवण येते.

पण या तिन्हींत आमच्या पिढीला जास्त अभिमान होता तो जंक्शनचा. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज पुण्याकडून आली आणि बेळगावकडे गेली. कोल्हापूर संस्थानाचा फाटा १८९१ साली सुरू झाला. कुर्डुवाडीकडून बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरला आलेली होतीच, ती १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली. पुढे १९७०-७१च्या सुमाराला पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं आणि आमच्या स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ नांदू लागले. पाच फूट सहा इंच, एक मीटर आणि अडीच फूट. मुंबईहून बेंगळुरूला किंवा गोव्याला जाणारा माणूस मिरजेला उतरायचा, ट्रंक हमालाच्या डोक्यावर द्यायचा आणि मीटरगेजच्या गाडीत जाऊन बसायचा. मालाचंही तेच. एका वाघिणीतलं पोतं पाठीवर घ्यायचं, दोन पावलं टाकायची, दुसऱ्या वाघिणीत टाकायचं. शेकडो हमालांचं पोट त्या दोन पावलांवर चालत होतं.

माझे मामा लोको शेडमध्ये फिटर होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. फलाटाच्या टोकाला इंजिनाला पाणी पाजायचा उंच लोखंडी नळ होता, हत्तीच्या सोंडेसारखा वाकलेला. त्याचं तोंड फिरवून टाकीवर आणायचं आणि चाक सोडायचं, की माणूस वाहून जाईल एवढी धार पडायची. मामा म्हणायचे, ‘इंजनाला कोळशापेक्षा पाणी जास्त लागतंय बघ. कृष्णा नसती तर एवढं मोठं शेड हितं झालं नसतं.’ तेव्हा ते कानावरून गेलं. चाळीस-पन्नास वर्षांनी परत ऐकू आलं.

नोकरी लागली ती कवठेमहांकाळकडे, हायस्कुलात भूगोल शिकवायची. पहिली दोन वर्षं मी बारक्या गाडीने गेलो. मिरज, आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ. चाळीसएक किलोमीटरला दोन-अडीच तास. डबा एवढा अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. चढाला गाडीचा वेग इतका पडायचा की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. इतरांना याची गंमत वाटायची. माझा मात्र जीव मेटाकुटीला यायचा. दिवसाचे पाच तास रुळांवर जायचे. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. तिसऱ्या वर्षी एस.टी.चा पास काढला आणि पुन्हा त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही.

एकदाच ठेवलं, पत्र लिहायच्या आधी. पुरावा हवा म्हणून मी तिकीट काढून बसलो आणि ढालगाव ते कवठेमहांकाळ एवढ्या टप्प्यात डब्यातली माणसं मोजली. अकरा. हा आकडा मी पत्रात दिला होता. ‘एका डब्यात अकरा प्रवासी, आणि त्यांच्यासाठी कोट्यवधींचा खर्च.’ शिवाय पुण्याकडचा मार्ग एकेरी, त्याच्यावर गाड्यांची दाटी, क्रॉसिंगला तासन्‌तास खोळंबा. पैसा एकच असेल तर तो कुठे लावायचा? माणसं जिथे जास्त तिथे. माझ्या मते हा साधा व्यवहार होता, आणि वर्गातही मी मुलांना असाच हिशेब घालायला शिकवत होतो.

रेल्वेने माझं ऐकलं नाही. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी झालं, मग कुर्डुवाडीकडून लातूरची बाजू, आणि २०१०-११च्या सुमाराला मिरज-पंढरपूरही ब्रॉडगेज झालं. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. नव्या गाड्या रिकाम्या धावताना दिसल्या की मी सोबतच्या लोकांना म्हणायचो, बघा.

मग २०१६ साल उजाडलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये तर पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. रेल्वेने पाणी न्यायचं ठरलं आणि ते मिरजेहून, आमच्या कृष्णेचं.

मला हेही पटलं नव्हतं, हे आज कबूल करतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळीत मी तावातावाने बोललो. आपल्याच जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागात माणसं टँकरमागे धावताहेत, आणि आपण साडेतीनशे किलोमीटरवर पाणी पाठवायचं? मांजरा गोदावरीच्या खोऱ्यातली, कृष्णेचं खोरं वेगळं. खोऱ्याबाहेर पाणी नेण्याचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात, हे मीच तीस वर्षं शिकवलेलं. फोटो काढून घ्यायचा हा कार्यक्रम आहे, असंही बोलून गेलो.

पाडवा होऊन तीन दिवस झाले होते. ११ एप्रिलला पहिली गाडी सुटायची होती. राजस्थानातल्या कोट्याहून वाफेने धुऊन स्वच्छ केलेल्या वाघिणी आल्या होत्या. प्रत्येकीत पन्नास हजार लिटरच्या वर पाणी मावेल एवढी. रेल्वेची कृष्णेवरून पाणी उचलायची व्यवस्था गावात जुनीच. तिचा आणि हैदरखानाच्या विहिरीचा उपयोग करून यार्डापर्यंत पाणी आणलं होतं. सुरुवातीला भरायची सोयच अपुरी होती, म्हणून पहिल्या गाडीला दहाच वाघिणी लावल्या. मी रागानेच बघायला गेलो आणि पुलावर गर्दीत उभा राहिलो.

एक तरुण कर्मचारी वाघिणीच्या खालच्या बाजूला बसला होता. भरलेल्या वाघिणीच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत होतं. खडीवर एकेक थेंब पडत होता. तसं ते काहीच नव्हतं. पन्नास हजार लिटरमधून थेंब गेला तर कुणाच्या लक्षात येणार? तो पान्याने आवळत होता, बोट लावून बघत होता, पुन्हा आवळत होता. मानेवरचा टॉवेल काढून त्याने ती जागा कोरडी पुसली आणि वाट बघत बसला. पुन्हा ओल आली. पुन्हा आवळलं. चार-पाच वेळा झालं असेल. शेवटी पुसलेली जागा कोरडीच राहिली, तेव्हा तो उठून पुढच्या वाघिणीकडे गेला. त्याच्यावर कुणाचा कॅमेरा नव्हता. फोटोचा कार्यक्रम म्हणणारा मी वर पुलावर उभा होतो.

मग मी इंजिन कुठे लावलंय ते पाहिलं. आरगच्या दिशेला. म्हणजे बारक्या गाडीच्या वाटेने.

हे मला आधी कळायला हवं होतं, पण खरोखर कळलं नव्हतं. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. मधे धाराशिव जोडण्यासाठी रुळांची वाट थोडी बदलली आहे, एरवी हा जवळजवळ बार्शी लाईटचाच रस्ता. त्यातला कुर्डुवाडीपर्यंतचा भाग मी उखडायला सांगितला होता. तो उखडला असता तर ही गाडी पुणे-दौंडचा वळसा घालून सहाशे किलोमीटरच्या घरात गेली असती, आणि तीही ज्या एकेरी मार्गावर गाड्यांची दाटी आहे म्हणून मीच ओरडत होतो, त्या मार्गाने. आणि अडीच फुटी रूळ तसेच राहिले असते तर भरलेली एक वाघीणही त्यांनी पेलली नसती. पहिली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणी जाऊ लागल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. एकूण अशा शंभरावर फेऱ्या झाल्या.

पुलावरून घरी येताना मला मामांचं वाक्य आठवलं. वाफेची इंजिनं गेली, शेड गेलं, ती सोंड गेली. पण नदीवरून पाणी उचलून यार्डात आणायची रेल्वेची सवय या गावातून गेली नव्हती. लातूरसाठी मिरज निवडली ती म्हणूनच. आमच्या स्टेशनच्या पोटात किती जुन्या सोयी निपचित पडून आहेत, हे त्याच्याशेजारी आयुष्य काढून मला माहीत नव्हतं.

तरीही पत्र चुकलं असं मी त्या दिवशी म्हटलं नाही. आपत्ती वेगळी, रोजची वाहतूक वेगळी, असं स्वतःला समजावलं. ते समजावणं जूनपर्यंत टिकलं.

माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन लातूरला गेलेली. तिच्या मुलाच्या निमित्ताने घरी काही कार्य होतं, फार आग्रह केला म्हणून गेलो. मिरजेहून गाडीतच बसलो. घरी पोचल्यावर तिच्या सासूबाईंनी पाणी आणून दिलं. पेला अर्धा भरलेला. मराठवाड्यात पाहुण्याला अर्धा पेला देणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. त्यांच्याच तोंडावर ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, तुमच्याकडचंच पाणी हाय हे. टँकरनं आठ दिवसाला येतंय.’ मी तो पेला खाली ठेवू शकलो नाही आणि पिऊही शकलो नाही. मग प्यालो. एक थेंब राहू दिला नाही.

संध्याकाळी गप्पा मारताना मी त्या मुलीला पत्राची गोष्ट सांगितली. मनातलं हलकं करावं एवढाच हेतू. अकरा माणसं मोजल्याचंही सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘सर, कुठल्या महिन्यात मोजली होती?’ मी म्हटलं, जुलै असावा. ‘मग त्यात मी असणार. मी आणि आमच्या वाडीच्या तिघी. आम्ही ढालगावला बसायचो ना.’

तिची वाडी ढालगावपासून आत. तिथे एस.टी. जात नव्हती. आठवी ते दहावी ती त्या गाडीने शाळेला आली. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. ती कशाने येते हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. गाडीला उशीर झाला की वर्गात उशिरा यायची आणि मी तिला दारात उभी करायचो, हेही तिनेच आठवण करून दिलं, हसत. मला हसता आलं नाही. गाडी बंद झाली असती तर काय केलं असतंस, असं विचारलं. ‘सातवीत शाळा सुटली असती, दुसरं काय,’ ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला उठून गेली.

माझी चूक इथे आहे. अकरा हा आकडा खरा होता. पण मी डोकी मोजली आणि एकालाही विचारलं नाही की बाबा, तू कुठून आलास, कशाला चाललास, ही गाडी नसती तर काय करशील. पुण्याला जाणारे हजार होते, त्यांच्याजवळ दुसऱ्या वाटाही होत्या. या अकरांपैकी चौघींजवळ नव्हत्या. बाकीच्या सातांचं मला आजही माहीत नाही.

परत आल्यावर त्या लाईनीचा इतिहास मिळेल तिथून वाचला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. मुंबईहून सोलापूरकडे गेलेल्या मोठ्या लाईनीने बार्शीसारखी व्यापारी पेठ वीस-एकवीस मैल बाजूला टाकली होती. तिथे मोठी रेल्वे परवडणार नाही, म्हणून रेल्वेच नको, असं त्याने म्हटलं नाही. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशी इंजिनं आणि डबे बेतले, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवर भरपूर माल नेता यावा. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरज. हाच माणूस नंतर विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. माणसं कमी आहेत म्हणून गाडी नको, हे मी जिथून म्हणत होतो, तिथे त्याने शंभर वर्षं आधी दुसरं उत्तर काढून ठेवलं होतं. ज्या अरुंद डब्याला मी नावं ठेवत होतो तो गरिबीतून नव्हे, फार विचारपूर्वक तसा केलेला होता.

पत्रातलं सगळंच मागे घेत नाही. पुणे-मिरज मार्ग दुहेरी व्हायलाच हवा होता, आणि ते काम इतकं रेंगाळलं याचं दुःख मला आजही आहे. रेल्वेने पाणी नेणं हा दुष्काळावरचा उपाय नव्हे, हेही मी अजून म्हणतो. मांजराच्या खोऱ्यात उसाने किती पाणी प्यावं हा प्रश्न कुठलीही वाघीण सोडवणार नाही. आणि जतच्या माणसाचा हक्क कृष्णेवर आधी आहे, हे तर ठामपणे म्हणतो. पण जतच्या माणसाच्या नावाने मी ओरडत होतो तेव्हा जतरोडला थांबणारी गाडी मीच बंद करायला निघालो होतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. या एका गोष्टीची मला मनापासून लाज वाटते.

२०२० सालच्या डिसेंबरात सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला किसान रेल्वे निघाली, देशातली शंभरावी. सांगोल्याचं डाळिंब त्याच रुळांवरून गेलं. कोल्हापूरहून नागपूरला आणि धनबादला जाणाऱ्या गाड्या याच वाटेने जातात. आषाढीला तर मिरजेच्या फलाटावर टाळ-मृदंगाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. हे वाचताना, बघताना मला दर वेळी कात्रण आठवतं.

परवा पुन्हा त्या गाडीत बसलो. कुर्डुवाडीची पॅसेंजर. काम काही नव्हतं. ढालगावला उतरून परत यायचं एवढंच. डबा निम्मा रिकामा होता. या वेळी माणसं मोजली नाहीत. शेजारी सांगोल्याकडचं एक जोडपं होतं, बाईंच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट, ते दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परत बोलावलंय, म्हणाल्या. पलीकडे एक मुलगा गवसणी घातलेला तंबोरा मध्ये उभा धरून बसला होता. पंढरपूरला गुरुजींकडे नेतोय, मिरजेत जवारी काढून आणली, म्हणाला. धक्का लागू नये म्हणून त्याने तंबोऱ्याचा भोपळा आपल्या पायांवर घेतला होता. बेळंकीला शाळेच्या मुली चढल्या. त्यांना मी विचारलं, कुठे उतरणार, रोज याच गाडीने येता का, घर स्टेशनपासून किती लांब. त्यांतली एक म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही रेल्वेतनं आलाय का चौकशीला?’

मी नाही म्हटलं. शिक्षक होतो, म्हटलं. मग तिने सगळं सांगितलं.